सुई ओवता येईल एवढा उजेड

येलहंका, ५ सप्टेंबर २०२५

ती. श्रीविद्याअक्कास वादिराजचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. कारखान्यातली वॉर्निश कालवायची नवी खोली सुरू झाली. तिथं थिनरची वाफ असते, म्हणून आतली ठिणगी बाहेर पडू न देणारे भक्कम दिवे घेतले. जुन्या खोलीतले दोनशे वॅटचे होते, हे साठचे, तेही चारच, म्हणजे वीजही वाचली. आतल्या एलईडीचे लुमेन माहितीपत्रकात भरघोस दिलेत. दिव्यांच्या इंजिनियर बहिणीला न विचारता काम फत्ते!

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, आई कारखान्यात येणार आहे. सुईत दोरा ओवता आला तरच तो उजेड, असं तिनं आधीच बजावलंय.

लोभ ठेव, ओरडा तेवढा कमी कर.

तुझा वादिराज

जे. पी. नगर, १२ सप्टेंबर

चि. वादिराज यास अनेक आशीर्वाद.

मोठा शहाणाच आहेस! वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. उजेड किती देतो ते लुमेन सांगतात. खाण्यावरून काम ठरत असतं, तर लहानपणी घरातली सगळी कामं तूच केली असतीस. आणि लुमेन आतल्या एलईडीचे नाही, अख्ख्या दिव्यातून बाहेर पडणारे विचारायचे. जाड काच नि जाळी बराच उजेड गिळतात. उरलेला छतावरून टेबलापर्यंत किती पोचतो, तेही मोजावं लागतं.

थट्टा पुरे. दिसेना म्हणून कुणी घरचा साधा दिवा आणून लावला, तर बटणाची एक ठिणगी पुरे. माझा जीव थाऱ्यावर नाही. पत्र मिळताच खोलीत जाऊन बघ.

रागावले तरी माया तीच.

अक्का

येलहंका, ३ ऑक्टोबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसतच खोलीत गेलो. रंग जुळवणाऱ्या गंगव्वानं घरून टेबललॅम्प आणला होता. थिनरचा डबा उघडा आणि तिचा हात बटणावर! मी असा ओरडलो की ती रडायलाच लागली. स्वल्प, थोडासा जास्त उजेड हवा होता, एवढंच म्हणत राहिली. तिला काय बोलणार? अंधार मीच विकत आणला होता.

काम थांबवलं आणि तू सांगितलंस तसे, बाहेर पडणारे लुमेन विचारून तसलेच भक्कम पण जास्त उजेडाचे दिवे लावले. परवा पूजा झाली, कापूर फाटकाबाहेर लावला. मग आईनं आत स्टुलावर बसून पहिल्या झटक्यात सुई ओवली, दोरा काढला आणि सुई गंगव्वाच्या हाती दिली. त्या दिवसापासून माझ्याकडे न बघणारी गंगव्वा सुई ओवून चक्क हसली. संध्याकाळी तिनं आपला लॅम्प पिशवीत घालून घरी नेला.

लोभ वाढव, अक्का, आणि ओरडाही.

तुझा वादिराज