विसाव्यातलं बोलणं

मंगळवार, १२ नोव्हेंबर

कॉलेज सुटलं. सुटलं कसलं — सोडलं! दुपारच्या बसने हालापाहून घरी, वेराक्रुसला. बाबांनी बशीतला मासा नुसता उलटापालटा केला आणि उठून गेले. आई एवढंच म्हणाली, "त्या ओदिलियासाठी ना?"

हो, तिच्यासाठी! राजधानीतून कुणी रोसेन्दो आलाय, चौकात तिच्याशी डान्झोन नाचतोय — हे कळल्यावर तिथे पुलांची गणितं सोडवत बसू?

गुरुवार, १४

पाहिला त्याला. पांढरे बूट. गिरक्या काय, वाकणं काय — लोकांना दाखवायला नाचतो. आम्ही वेराक्रुसची माणसं एका विटेवर नाचतो. पाय विटेबाहेर गेला की संपलं. ऐकवलंच त्याला.

हसला. "डान्झोन क्युबाचा आहे, पोरा. तुमच्या बंदरात नुसता उतरला."

"उतरला आणि राहिला! तुमच्याकडे जाऊन नटला, एवढंच!"

कॉलर धरली त्याची. दोमितीला आत्या मध्ये पडली, हातातला पंखा माझ्याच डोक्यात हाणला. "कसले झुंजताय रे कोंबड्यांनो! नाच फ्रेंचांचा, ताल गुलामांचा, हैतीतून क्युबात, क्युबातून इथे — सात घाटांचं पाणी प्यालाय तो. आणि ज्याला थांबता येत नाही, त्याने चौकात येऊच नये. कळलं का, फेर्मीन?"

ओदिलिया हसली. माझ्याकडे बघून की त्याच्याकडे — कळलं नाही.

शनिवार, १६

उत्तरेचा वारा सुटलाय. समुद्र रस्त्यावर आलाय. बँड बंद.

तिच्या घरी गेलो. भाऊ दारातच आडवा. "ती नाहीये." आतून हसण्याचा आवाज. पुरुषाचा.

सोमवार, १८

रोसेन्दोने मागणी घातली म्हणे. न्हाव्यालासुद्धा माहीत!

मंगळवार, १९

वारा पडला. ती माझ्याशी नाचली.

नाचताना बोलायचं नसतं. सुरुवातीची धून परत आली की सगळे जागच्या जागी थांबतात, बायका पंखे उघडतात — त्या विसाव्यात काय बोलायचं ते बोलून घ्यायचं. पहिल्या विसाव्यात ती म्हणाली, "कॉलेज सोडलंस? वेडा आहेस का?"

"तुझ्यासाठी सोडलं."

"मला विचारलं होतंस?"

परत नाचलो. एका विटेवर. तिचा हात गार पडला होता.

पुढच्या विसाव्यात मीच विचारलं, "त्याने मागणी घातली?"

"घातली. आता जरा डोकं शांत ठेव. मी रोसेन्दोबरोबर जाणार—"

तेवढ्यात बँड कडाडला. मला एवढं पुरे होतं! हात सोडला. भर चौकात, डान्झोन चालू असताना, तिला तिथेच सोडून निघालो. मागे वळून पाहिलं नाही.

जाऊ दे तिला!

गुरुवार, २१

चौकात गेलो नाही. जेवलो नाही.

शनिवार, २३

कॉफीच्या दुकानात ग्लासावर चमचा वाजवत बसलो. चमचा वाजला की कॉफीत दूध ओतायला येतो, तो दूधवाला येईना. आत्या आली. बसली नाही.

"बाईला अर्ध्या नाचात टाकून जातं का कुणी? माझ्या उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. सगळा चौक तिच्याकडे बघत होता. शेवटी रोसेन्दो आला, वाकला, आणि उरलेला नाच त्याने पुरा केला."

"मग? मजेतच नाचली असेल."

"रडत नाचली."

माझ्याकडे न बघताच गेली.

बुधवार, २७

तिने होकार दिला.

पण तो तर आधीच दिलेला होता ना? मग काल कसला दिला?

शनिवार, ३० नोव्हेंबर

खिडकी लावली तरी पुकारा ऐकू आला. "हा डान्झोन ओदिलिया आणि तिचे होणारे पती रोसेन्दो यांना अर्पण! आणि त्यांच्या सोबतच्या सगळ्या मंडळींना!" टाळ्या. उशी कानांवर दाबून पडलो. सुरुवातीची धून परत आली की तरीही कळत होतं — आता थांबले असतील. आता बोलत असतील.

रविवार, १ डिसेंबर

दोघं सकाळच्या बसने गेली. दुपारी आत्या आली. त्या विसाव्यात ती आमच्या अगदी शेजारी उभी होती.

म्हणाली, "'जाणार'च्या पुढे 'नाही' होतं, गाढवा."