ताईला माझं रक्त हवं होतं

मंगळवार संध्याकाळ, लालबाग

कोपराजवळचा कापूस अजून काढलेला नाही. आज परळच्या लॅबमध्ये रक्त देऊन आलो, ताईच्या टेस्ट ट्यूब बेबीसाठी. तिच्या कोणत्या गर्भात माझा हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याचा आजार, उतरलाय, हे ओळखायला घरातल्या पेशंटचं रक्त लागतं म्हणे. म्हणजे माझं. त्याच्याशी जुळेल तो गर्भ बाद.

सकाळी निघताना आईने तळहातावर दही ठेवलं. शुभ कामाला निघालो होतो ना. माझ्यासारखाच गर्भ बाद करायला मी निघालोय, हे तिच्या लक्षातच आलं नसेल. की आलं होतं?

मी लगेच हो म्हटलं होतं. नाही कसं म्हणणार? आत रक्त साचून सुजलेला गुडघा घेऊन शाळेची अर्धी वर्षं अंथरुणात काढली मी. हे कुणाच्या पोराच्या वाट्याला येऊ नये, असं मीच शंभरदा बोललोय. मग आता मनाला का लागतंय? तुला चालेल ना, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. भावजींनी फक्त वेळ कळवली, तीही मेसेजवर.

सुई काढल्यावर नर्स म्हणाली, कापूस दोन मिनिटं दाबून धरा. सोबत आलेल्या ताईने माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि घड्याळात बघत पंधरा मिनिटं कापूस दाबून बसली. लहानपणापासून तीच दाबते. माझं रक्त थांबायला किती वेळ लागतो, हे तिला आईपेक्षा जास्त माहीत आहे.

"दुखतंय का रे?" तिने नेहमीसारखं विचारलं.

मी नाही म्हटलं. या प्रश्नावर आजवर तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो.