तुमचा आवाज इथे अगदी स्पष्ट येतो

प्रिय भावजींस,

वहिनीचा आशीर्वाद. तुम्ही, जाऊबाई आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालते (खुशाल आहात हे मला ठाऊक आहे, कसं ते पुढे येईलच). इकडे आईंची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. तुमचे दादा शाळेत साऱ्या जगाचा भूगोल शिकवतात आणि घरी येऊन आपला चष्मा शोधतात. माझा दवाखाना बरा चाललाय. माणसं गोड खातात तोवर दातांच्या डॉक्टरला मरण नाही.

तुमच्या नव्या दुकानातून पाठवलेलं खोकं पोचलं. 'वापरून बघा आणि खरंखरं कळवा' अशी चिठ्ठी तुम्ही वर चिकटवली होती. खरंखरं कळवायचं तर जरा लांबण लागेल, तेव्हा गिऱ्हाईक नसताना वाचा.

गळ्यात अडकवायचे इअरफोन मी स्वतःकडे ठेवले. गाणी छान ऐकू येतात, पण त्यांच्या टोकांना जे लोहचुंबक आहेत त्यांना माझी हत्यारं फार आवडतात. परवा एका बाईंच्या दाढेवर वाकले आणि ट्रेमधली कोरणी उडून माझ्या गळ्याला चिकटली. बाई तोंड उघडं ठेवून माझ्याकडे अशा बघत होत्या की भूल द्यायची गरजच उरली नाही. दिवे लागणारा कीबोर्ड दादांना दिला. आईंना वाटतं त्याने वीज जळते, म्हणून त्या येता-जाता त्यावर पंचा टाकून ठेवतात. लॅपटॉपखाली ठेवायचं स्टँड आईंनी पोथीसाठी घेतलं, आणि खोक्यातली ही एकच वस्तू पहिल्या दिवसापासून निमूटपणे काम करते आहे.

आता मुख्य माल. वेटिंगरूमसाठी तुम्ही तो भोपळ्याएवढा बिनतारी स्पीकर पाठवलात, पेशंटना म्युझिक प्लेअरवरून मंद संगीत ऐकवायला. आईंसाठी मोठे, गुबगुबीत कानांचे हेडफोन पाठवलेत, रोज चारच्या सुमारास तुम्ही कॉम्प्युटरवर फोन करता तेव्हा नीट ऐकू यावं म्हणून. आणि सोबत एक गोळीएवढं यंत्र, जे कॉम्प्युटरला टोचलं की एकच आवाज दोन ठिकाणी जातो. तुमचा हेतू उदात्त होता: आई आणि दादा, दोघांनी दोन हेडफोन लावून तुमच्याशी बोलावं (चारला दादा शाळेत असतात, हे तुम्ही विसरलात). जोडणी दादांनी केली. सोबतचं माहितीपत्रक वाचणं हा ते पुरुषजातीचा अपमान समजतात (हा गुण तुमच्या घराण्यात आहे, माझ्या माहेरी नाही). त्यांनी दोन बटणं दाबली, दोन निळे दिवे लागले, ते समाधानाने शाळेत गेले. एक दिवा आईंच्या हेडफोनचा होता. दुसरा वेटिंगरूममधल्या स्पीकरचा.

दवाखाना म्हणजे आपल्याच घराची पुढची खोली आणि बाकाच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे आईंची खोली, हे तुम्हाला सांगायला नको. कान झाकलेला माणूस ओरडून बोलतो, हेही नको. तर त्या दिवशी चारला बाकावर पोस्टातल्या बाई, एक रंगारी आणि निवृत्त कंडक्टर बसले होते. एकाएकी संगीत थांबलं आणि स्पीकरमधून तुम्ही म्हणालात, "बोल आई, कशी आहेस?" आणि भिंतीतून आई म्हणाल्या, कशी असणार, तुझी वहिनी सगळ्या गावाचे दात बघते, माझ्या तोंडाकडे बघायला तिला सवड नाही.

स्पीकर बंद करायला मी उठले होते, देवाशपथ. पण तेवढ्यात माझा विषय निघाला होता. स्वतःचा विषय निघाल्यावर स्पीकर बंद करणारी बाई अजून जन्माला यायची आहे. तुम्ही म्हणालात, वहिनींच्या हाताला धार आहे, पण जिभेला त्याहून जास्त. (कंडक्टरांनी मान डोलावली. त्यांचा कापूस मी नंतर जरा दाबूनच बसवला.) तुम्ही पुढे माझ्या भाजीवरही घसरणार होतात, पण आईंनी तुम्हाला तोडलं, "तू नको बोलूस तिला. तिला बोलायला मी आहे ना." पोस्टातल्या बाईंनी चक्क टाळी दिली, रंगाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी स्पीकर बंद करायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी राहू दिलं. हळूहळू चारची वेळ मागणारे पेशंट वाढले. ज्यांना काही दुखत नाही असे दोघे-तिघे 'नुसतं दाखवायला' येऊ लागले. जाऊबाईंनी नवा सोफा घेतला आणि तुम्हाला तो टोचतो, हे इथे सर्वांना माहीत आहे. तुमच्या टकलावरच्या औषधाचा गुण कितपत आला, अशी कंडक्टर अगत्याने चौकशी करतात.

एवढं सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण गेल्या आठवड्यात एक दिवस आई एकदम हळू बोलल्या. भिंतीतून काही ऐकू आलं नाही. स्पीकरमधून फक्त तुमचं उत्तर आलं: "अगं, त्या खोलीत दुकानाचा माल भरलाय, पाय ठेवायला जागा नाही. बघू पुढच्या वर्षी."

प्रश्न काय होता ते कुणालाच विचारावं लागलं नाही. रंगारी उठला आणि त्याने आवाज बारीक केला. कुणी कुणाकडे बघेना.

हातातलं काम संपवून मी आत गेले. आई हेडफोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, धाकटा बोलावत होता गं, मीच नाही म्हटलं, एवढा प्रवास आता झेपत नाही. मी बरं म्हटलं. मग त्यांना दवाखान्यातल्या खुर्चीत आणून बसवलं, तोंड उघडायला लावलं. डावीकडची दाढ चांगली पोखरली होती. किती दिवस दुखतेय, विचारलं. तुला वेळ होईपर्यंत, म्हणाल्या. पुढचा तासभर मी एकही पेशंट घेतला नाही, आणि बाकावरच्या एकानेही कुरकुर केली नाही.

असो. मालाबद्दल माझा अभिप्राय: सर्व वस्तू उत्तम. आवाज विशेष स्पष्ट.

तुमची,
वहिनी

ता.क. - ती खोली रिकामी करा. उद्या चारला फोन कराल तेव्हा तुम्ही आपणहून आईंना बोलवा, चांगला आग्रह करून. आणि मनापासून करा, ऐकायला आम्ही सगळे आहोत.

ता.क. - यातलं दादांना काही कळवू नका. जोडणी आपल्याला जमली, या आनंदात ते आहेत.

ता.क. - मी पाकीट आणायला आत गेले तेवढ्यात आईंनी हे पत्र वाचलं. पोस्टातल्या बाईंनी त्यांना दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं होतं म्हणे, आणि तेव्हापासून आई फोनवर जरा सावकाश, शब्द मोकळे करून बोलतात. खोलीचं विचारलं त्या दिवशी मात्र मुद्दामच हळू बोलल्या. तुमच्याकडे आता काही त्या येणार नाहीत, इथली चारची माणसं खोळंबतील म्हणतात. तरी आग्रह तुम्ही कराच. त्यांना नाहीच म्हणायचंय, पण सगळ्यांदेखत म्हणायचंय.