चेतनानं काढलेलं कपाट

प्रिय चेतना,

सप्रेम जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, त्याबद्दल आधीच तुझे आभार मानते. फोन करणार होते, पण माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस असं मिथुन म्हणाला. खरं सांगू, बरंच झालं. फोनवर मी एक तर रडले असते, नाहीतर भांडले असते. तिसरं काही मला जमत नाही, हे साडेतीन वर्षं एका घरात काढलेल्या तुला काय सांगायचं! पण चोवीस वर्षं बालवाडीत पोरांना अक्षरं गिरवायला शिकवली, तेव्हा पत्र तरी नीट लिहिता येतं. तू परत यावंस म्हणून हे लिहीत नाही. घटस्फोटाचा निकाल लागून दीड महिना झाला, आता तू माझी सून नाहीस, एवढं मला कळतं. तुला एक गोष्ट सांगायची आहे, ती मात्र शेवटी लिहीन. आधीच लिहिली तर तू कागद फाडशील, आणि त्यात तुझं काही चुकणार नाही.

पहिली बातमी ही, की आपल्या स्वयंपाकघरात कपाट झालं. तू त्याला पॅन्ट्री म्हणायचीस आणि मी म्हणायचे, पॅन्ट्री गाडीला असते, वाकोल्यातल्या सातव्या मजल्यावर कशाला हवी? फ्रिज आणि मोरीच्या मधे माझी लोखंडी मांडणी होती ना, ती भंगारात गेली. तिथं आता जमिनीपासून छतापर्यंत कपाट उभं आहे. वरच्या मजल्यावरची द्रौपदी बघायला आली आणि म्हणाली, सोनूबाई, बैल गेला आणि झोपा केला. तिला चहा पाजला. खरं बोलणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा?

तुझं-माझं भांडण त्या मांडणीवरूनच सुरू झालं. तू म्हणायचीस, डब्यांवर तेलाचा थर बसतो, झुरळं होतात, चार फुटांच्या ओट्याशी दोन बायका उभ्या राहिल्या की डबे अंगावर येतात. सगळं खरं होतं. पण तू 'दारं लावू या' म्हणालीस आणि माझं डोकंच फिरलं. बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. आमच्या घरी एकच डबा होता आणि तो वाजवला की रिकामा आवाज यायचा. रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन आम्ही जगलो. नंतर नोकरी लागली तसा दर पगाराला एकेक स्टीलचा डबा घेतला, त्यावर नाव घालून घेतलं आणि असा लावला की दारात उभ्या राहिलेल्या माणसालाही दिसावा. आमच्याकडे पाहुणा आला की आधी माझे डबे बघतो, मग मला. तुझ्या दारांनी माझी भरलेली भिंत झाकली जाणार, एवढंच मला ऐकू आलं. हे तुला तेव्हा समजावून सांगितलं असतं तर तू समजून घेतलं असतंस. मी सांगितलं ते असं, की हे घर माझं आहे. त्यानंतर तू बॅग भरलीस. तुला आणायला जा म्हणून मी मिथुनला म्हटलं नाही, आणि तो आपणहून गेला नाही. माझा मुलगा वाईट नाही, पण त्याला कोणीतरी ढकलावं लागतं, आणि ढकलणारी मीच होते.

यंदा भीमजयंतीच्या आधी घर आवरायला काढलं. मांडणी सरकवली तर तिच्या एका पायाखाली घडी घातलेला कागद. पाय हलायचा म्हणून मीच तो तिथं खुपसला होता. तू हातात दिलास, मी न बघता घडी घातली आणि खाली सारला, तुझ्या डोळ्यांदेखत. गंजाचा गोल डाग पडला होता, पण रेघा स्पष्ट होत्या. कपाटाचं चित्र, प्रत्येक फळीचं माप, आणि दारांच्या जागी तुझ्या बारीक अक्षरात लिहिलेलं, 'पूर्ण काच. आईंचे डबे बाहेरून दिसले पाहिजेत.' मी फरशीवरच बसले.

सुतार म्हणून गुणाजीला बोलावलं, मालवणकडचा, समोरच्या इमारतीत काम करत होता. त्यानं चित्र हातात घेतलं, टेप लावला आणि विचारलं, ह्यां चित्र कोणी काढल्यान? माप बरोबर आसा. मग म्हणाला, पण ज्यानं काढलं तो या घरात कोणाला तरी फार जपतो. मला कळेना. त्यानं मला भिंतीशी उभं केलं आणि हात वर करायला लावला. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, तुला ठाऊक आहे. रोजच्या डब्यांचे सगळे खण माझ्या कमरेपासून खांद्यापर्यंतच येत होते. खालचे जड डबे वाकून उचलायला नकोत म्हणून ते बाहेर ओढायच्या ट्रेमध्ये. मधोमध एक फळी, पाडली की टेबल होते, स्टुलावर बसून डाळ निवडायला. तुझ्या स्वतःच्या वस्तूंना जागा होती सगळ्यात वर, जिथं माझा हात पोचत नाही आणि तुझा पोचतो. या घरात तू एवढीच जागा मागितली होतीस गं.

मग मी वेड्यासारखी कामाला लागले. वॉटरप्रूफ प्लायच लाव, ट्रे सरकायचे चॅनल चांगले घाल, काच जाड घे, म्हणून गुणाजीचं डोकं खाल्लं. तुझ्या मापात सूतभरही फरक करू दिला नाही. मला वाटायचं, कपाट पुरं झालं की फोटो काढायचा, मिथुनला घाटकोपरला तुझ्या माहेरी पाठवायचं, आणि फोटो बघून तू येशील. बासष्टी ओलांडलेल्या बाईनं असा विचार करावा! मिथुननं फोटो बघितला, पुन्हा बघितला, आणि म्हणाला, मम्मी, आता काय उपयोग, आम्ही दोघांनी घटस्फोटाच्या कागदावर सह्या केल्यात. जूनमध्ये निकाल आला. वरचा खण रिकामा आहे. मिथुन हल्ली बाहेर हॉटेलातच जेवून येतो. माझ्या एकटीला किती लागतं? तांदळात पोरकिडे झाले, ते परवा निवडून काढले.

आता ती गोष्ट. फेब्रुवारीत मी कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं, ते तू वाचलंस. 'सून मला उपाशी ठेवायची, डबे कुलपात घालायची तिची मागणी होती.' वकिलानं लिहून आणलं होतं. पण मला न वाचता सही करणारी अडाणी बाई समजू नकोस. मी दोनदा वाचलं. 'उपाशी' या शब्दाशी थांबले आणि सही केली, मिथुन जिंकावा म्हणून. ते वाचून तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस आणि लढायचंच सोडलंस. एवढ्यावर मी थांबले नाही. कोर्टात बोलले ते खरं वाटावं म्हणून विहारातल्या बायकांनाही तेच सांगत सुटले. एप्रिलमध्ये तो कागद सापडल्यावर वकिलाकडे गेले, तर तो म्हणाला, आता बदलाल तर तुम्हीच खोट्या ठराल. आणि मी घाबरले. घरी येऊन सुताराला बोलावलं. खरं बोलण्यापेक्षा कपाट करणं सोपं होतं.

गेल्या रविवारी विहारात ऐकलं, की तुला सौरभ नावाच्या मुलाचं स्थळ आलं होतं, तुम्हा दोघांना पसंतही होतं, आणि त्याच्या आईनं मोडलं. का, तर सासूला उपाशी ठेवणारी मुलगी नको. सोमवारी सकाळी मी त्या बाईंच्या दारात गेले. सगळं सांगितलं, तुझं चित्रही दाखवलं. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय, हे मी कसं ओळखायचं?" त्या पुढे म्हणाल्या, कोर्टातल्या कागदावर शिक्का आहे. म्हणून हा कागद तुझ्याकडे पाठवते आहे. यावर शिक्का नाही, कोणी विश्वास ठेवील असं मला वाटत नाही, तरी जपून ठेव आणि ज्याला दाखवायचा त्याला दाखव. मी, सोनूबाई भीमराज खिल्लारे, राहणार वाकोला, शुद्धीवर लिहून देते की चेतनानं मला एकही दिवस उपाशी ठेवलं नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस तिनं मला स्वतःच्या हातानं पेज भरवली, आणि माझं पोट भरल्याशिवाय ती जेवली नाही.

तुझीच,
सोनूबाई