पटकन बाहेर

सोमवार, ४ तारीख

नवी नोकरी, म्हणून नवी रोजनिशी. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच लिहितेय, कारण हाताने लिहायला गेले की माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. ऑफिस लॉन्ड्रीच्या वर आहे, तीन खोल्यांचं. दिवसभर खालून इस्त्रीची वाफ येते. मी मावशीकडे राहतेय. ती म्हणाली, चला, निदान कपडे तरी कडक घालून जाशील.

घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी ही संस्था वेबसाइट चालवते. नवरा बाहेर गेला की बायका तिथे येऊन लिहितात आणि ताई त्यांना उत्तरं देतात. ताई पन्नाशीच्या, समुपदेशक. बोलायला मऊ, चहाला कडक. संस्था चालवणाऱ्या त्या मॅडम. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक लाल बटण आहे, 'पटकन बाहेर'. दाबलं की पान क्षणात जातं आणि हवामानाचा अंदाज उघडतो. मागून कुणी आलंच, तर बायको आपली उद्या ऊन पडेल का ते बघतेय. किती साधी युक्ती.

माझं काम टॅग लावायचं. टॅग म्हणजे कुणाला न दिसणारी चिठ्ठी. कुणी कुठलं बटण दाबलं ते ती आम्हाला कळवते, दाबणाऱ्याचं नाव न सांगता. टॅग मॅनेजर म्हणजे या सगळ्या चिठ्ठ्यांचं कपाट, आणि आजपासून त्याची किल्ली माझ्याकडे. ताईंनी स्वतः चहा करून दिला. मला इथे आवडणार.

गुरुवार, ७ तारीख

बाकी सगळं झटपट झालं, फक्त लाल बटणाने छळलं. पान इतक्या चटकन उडतं की चिठ्ठी निघायच्या आतच सगळं संपतं, आणि मोजणी शून्य. मॅडमना तर नेमका तोच आकडा देणगीदारांना दाखवायचाय. शेवटी सेटिंगमध्ये एक चौकट सापडली: टॅग पूर्ण होईपर्यंत थांबा, जास्तीत जास्त दोन सेकंद. म्हणजे चिठ्ठी निघेपर्यंत पान जागचं हलणार नाही. टिचकी मारली. मोजणी धो धो सुरू. इथलं नेट वेगवान, इथे काही फरकच कळत नाही.

ताईंनी दारातून विचारलं, बटण पहिल्यासारखंच चालेल ना? मी म्हटलं, तुम्ही निर्धास्त राहा. मग बदल साइटवर प्रकाशित केला.

सोमवार, ११ तारीख

मॅडम खूश. माझा आलेख भिंतीवर लावलाय. थेट अहवालात या क्षणी साइटवर किती जणी आहेत ते दिसतं, मला त्याचा नादच लागलाय.

त्यातली एक ताईंची लाडकी. रोज जेवणानंतर येते, म्हणून ताई तिला दुपारवाली म्हणतात. ती बहिणीकडे निघून जायच्या बेतात आहे, कपड्यांची पिशवी भरून ठेवलीय म्हणे. ताईंचा चेहरा आज अगदी माहेरवाशीण येणार असल्यासारखा.

बुधवार, १३ तारीख

दुपारवाली आली नाही. तिच्या बहिणीचा फोन आला, शुद्ध हरपायच्या आधी तिने बहिणीला सांगितलं होतं. काल ती ताईंशी बोलत असताना नवरा अचानक घरी आला. तिने बटण दाबलं. पान गेलं नाही. पुन्हा दाबलं. तोवर तो मागे उभा राहून वाचत होता. ती हॉस्पिटलमध्ये आहे, शुद्धीवर नाही.

ताई माझ्या टेबलाशी आल्या. बटणात काही बदललं होतं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, फोन जुना असेल, तिकडचं नेट मंद असेल. त्यांनी मान डोलावली आणि गेल्या. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटलं मला. असं वाटू शकतं मला.

नेट मंद होतंच. म्हणूनच तर तिला पूर्ण दोन सेकंद थांबावं लागलं. माझ्या टिचकीमुळे. ती टिचकी काढली, तो टॅगच काढून टाकला. कुणाला सांगितलं नाही.

शुक्रवार, १५ तारीख

अहवालात आज एकच जण दिसतंय. लाल बटण दाबतंय. पुन्हा दाबतंय. पण मोजणारा टॅग तर मी काढलाय. कपाट तीनदा उघडून पाहिलं, तिथे काही नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

अजून दाबतंय.

शनिवार, १६ तारीख

घरी दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागायला वेळ लागला. मग नळ. मग दाराची कडी. मावशीला विचारलं, तर ती म्हणाली, सगळं ठीक चालतंय, तुझंच डोकं ठिकाणावर नाही.

फक्त माझ्याच हाताला उशीर होतो. आणि त्या उशिरात मागे कुणीतरी येऊन उभं राहतं. आज नुसती चाहूल नव्हती. पुरुषाचा श्वास. धावत आल्यासारखा.

सोमवार, १८ तारीख

दुपारवाली गेली. सकाळी.

ताई रडत होत्या. मीच तिला सांगितलं होतं म्हणाल्या, बटण आहे, घाबरू नकोस. माझ्या शब्दावर बसून राहिली ती. मॅडम समजूत घालत होत्या. ताई ऐकेनात, दोष स्वतःवर घेऊन बसल्यात. मी तिथेच उभी.

अहवालात ती अजून आहे. गेली ना ती? मग कोण दाबतंय–

मंगळवार, १९ तारीख

ताईंनी राजीनामा लिहिलाय. नाही. हे नाही होऊ द्यायचं. आज सांगतेच. समोर जायची हिंमत नाही, म्हणून लिहिलं: ताई, तुमची चूक नाही. टिचकी माझी. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले.

'पाठवा' दाबलं.

गेलं नाही. पुन्हा दाबलं–

ताई पिशवी घेऊन जिन्याकडे निघाल्यात. हाक मारली. तोंड उघडलं, आवाज नाही. आवाज मागून येईल– उशिरा– त्या तोवर खाली–

अक्षरंसुद्धा आता उशिरा उमटतायत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवलाय कुणीतरी. वाचतोय. माझ्या खांद्यावरून वाचतोय–

दुपारवाली, तुला असंच– माफ–

रोजनिशीच्या पानाच्या कोपऱ्यात लाल बटण. दाबलं. पान तसंच आहे. दोन सेकंद.

एक–