आमचे हितसंबंध चांगले आहेत

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.२०
पप्पांना आज सलग पंचवीस मिनिटं खोकला. खिडकीसमोर काँक्रीटचा प्लांट, मध्ये गोवंडीचा एक रस्ता. रुंदी अकरा मीटर. प्लांटचा परवाना मार्चमध्ये संपतो. त्यांनी आणखी पाच वर्षं मागितली आहेत. २८ तारखेला प्रदूषण मंडळापुढे जनसुनावणी. सोसायटीच्या हातात एकच गोष्ट आहे: मी एकवीस दिवस गॅलरीत मोजलेल्या धुळीचा रिपोर्ट. मी एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअर आहे. रडारड नाही, आकडे.
हरकतीच्या फॉर्ममध्ये यंदा नवा रकाना. क्रमांक सात: ‘या प्रकरणात आपले आर्थिक हितसंबंध आहेत काय? असल्यास तपशील द्यावा, नसल्यास निरंक लिहावे.’ खोटं लिहिलं तर कागदपत्रं रेकॉर्डवरून काढणार. उत्तम नियम. प्लांटवाले यातच अडकतील.
मी ‘निरंक’ लिहिलं. लागलेला वेळ: चार सेकंद.

९ फेब्रुवारी, रविवार
सोसायटीचे फॉर्म गोळा केले. एकेचाळीस. पैकी अडतीस जणांनी सात नंबरला ‘होय’ लिहिलंय.
हितसंबंध म्हणजे चांगले संबंध, असा सगळ्यांचा समज. शेजारच्या नलिनीकाकूंचं उत्तर: होय, प्लांटच्या मॅनेजरशी चांगले आहेत, गणपतीत मोदक पाठवले होते. तळमजल्यावरच्या सर्वेशचं: सर्वांशी चांगले, फक्त तिसरा मजला सोडून.
पन्नास मिनिटं समजावलं. निकालामुळे ज्याच्या पदरात काही पडणार, त्याने ते आधी सांगायचं, बस. सर्वेश म्हणाला, आमच्या पदरात रोज सिमेंट पडतं, ते लिहू का? सगळे हसले. मी नाही.
मग नलिनीकाकू म्हणाल्या, गो बाय, तुझा ता धुळीचा मशीन कोणाचा? सुबोधचं, म्हटलं. कॉलेजातला मित्र, अशी मशीन विकणाऱ्या कंपनीत आहे. फुकट दिल्यान? वापरायला दिलंय, म्हटलं. काकू म्हणाल्या, अस्सां.
परत करायची वस्तू हा लाभ नव्हे. निरंक कायम.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सुबोधने कुर्ल्याला भेटायला बोलावलं. रिपोर्टच्या शेवटी एक शिफारस घाल म्हणाला: प्रत्येक प्लांटवर चोवीस तास धूळ मोजणारं मशीन सक्तीचं करावं. शास्त्रीयदृष्ट्या योग्य. मी घालणारच होते. मशीन कसं असावं, हेही त्याने लिहून पाठवलं. ते वर्णन बाजारातल्या एकाच मशीनला लागू पडतं. मशीन चांगलं असेल तर वर्णन जुळणारच.
घरी आल्यावर शंका आली: आपण प्लांट बंदच करा म्हणतोय, तर मशीन कशाला? पण ही सर्वसाधारण शिफारस आहे. विरोधाभास नाही. तीनदा तपासलं.
माझ्या कॉफीचे पैसे मी दिले. बिल फाइलला लावलंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७
सुबोधचा फोन. तसा आदेश निघाला तर मुंबईभर मागणी येणार, कंपनीला टेक्निकल हेड लागणार, तू येतेस ना? मी हो म्हणाले नाही. कधीपासून, एवढंच विचारलं. प्रश्न म्हणजे होकार नव्हे.
सीव्ही पाठवला. तो तसाही अपडेट करायचा होता.
आईला सांगितलं. ती म्हणाली, अगं मग लिहून टाक ना त्या सातमध्ये. मी म्हटलं, ऑफर लेटर नाही, म्हणजे लिहिण्याजोगं काही नाही. मग कुणाला सांगू नको असं का म्हणतेस गं? गोपनीयता आणि लपवाछपवी यांतला फरक तिला वीस मिनिटांत समजला नाही.
पप्पा मध्ये बोलायला गेले. श्वास पुरत नव्हता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ४.५०
फॉर्म जमा केले. मुदत पाचपर्यंत. सगळ्यांचे पुन्हा लिहून घेतले होते. चाळीस वेळा निरंक. नलिनीकाकूंनी मात्र आपला फॉर्म हातात दिला नाही, स्वतः रांगेत उभ्या राहिल्या. आता माका सगळा समाजला, म्हणाल्या. शिकवायची हातोटी आहे माझ्यात.
क्लार्कने माझा रकाना सात दोनदा वाचला. का, कळलं नाही. पोचपावती घेऊन लगेच बाहेर पडले. आत एसी फार होता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी २.१५, हॉलच्या पायरीवर
घटनाक्रम.
११.४०: माझा नंबर. चार मिनिटं बोलले. एकही आकडा अडखळला नाही. प्लांटचा मॅनेजर दोनदा पाणी प्यायला.
११.४५: अध्यक्षबाईंनी पुढचा फॉर्म उचलला. नलिनीकाकूंचा. रकाना सात मोठ्याने वाचला: ‘आता अर्थ कळला. माझे काही नाहीत, यंदा मोदक पुन्हा पाठवेन. पण आमच्या संघमित्राचे फार चांगले आहेत. तिला मशीन ज्यांनी दिलं त्याच कंपनीत तिची मोठी नोकरी ठरली, असं तिची आई म्हणाली. तिने स्वतः लिहिलं नसणार, लाजाळू आहे. मुलगी गुणी आहे.’
११.४७: अध्यक्षबाईंनी मला विचारलं, हे खरं आहे? मी ‘ठरली’ या शब्दाची व्याख्या सांगू लागले. होय की नाही तेवढं सांगा, म्हणाल्या. पप्पा तिसऱ्या रांगेत, तोंडावर रुमाल धरून. माझ्याकडेच बघत होते.
अंशतः, मी म्हणाले.
११.५२: रिपोर्ट रेकॉर्डवरून काढला. आता रेकॉर्डवर फक्त प्लांटचे आकडे.
बाहेर काकूंनी हात धरला. तुझा बरा होवचा म्हणान लिवलंय गो, काय चुकला माझा?
ही तांत्रिक बाब आहे. अपिलात सुटेल. मंडळाला पुनर्विचार करावाच लागेल.

१२ मार्च, बुधवार
आदेश आला. हरकतदारांकडे ग्राह्य आकडे नाहीत, सबब परवान्याला पाच वर्षं मुदतवाढ. प्लांटने धूळ मोजणारं मशीन बसवावं, ही अट मंडळाने आपणहून घातली आहे. प्लांटने लगेच सुबोधच्या कंपनीला ऑर्डर दिली.
दुपारी सुबोधचा फोन. नोकरीचं जमत नाहीये म्हणाला. प्लांट आता आमचा कस्टमर. तू समोरच राहतेस, वडिलांना त्रास, वर तू त्यांच्याविरुद्ध बोललीस. सॉरी यार, तुझा हितसंबंध येतो ना.
पप्पांनी विचारलं, काय ठरलं? खिडकी बंद ठेवायची, मी म्हटलं. किती दिवस?
पाच वर्षं.
बरं, म्हणाले. उठून त्यांनीच कडी लावली.