न पाहिलेले दोन तास

अप्पा,

तीर्थरूप वगैरे घालत नाही. घरी आलेल्या पत्रांतली ती पहिली ओळ तुम्ही नुसत्या नजरेनं ओलांडायचात आणि म्हणायचात, विषय काय ते बघ. विषय असा, की आज सकाळी मी लाल शाईचं पेन विकत आणलं. दुकानदार म्हणाला, मॅडम, हल्ली शाळेतले मास्तरसुद्धा घेत नाहीत. मला हवं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या माझ्याच एका तक्त्यातली बारा शून्यं खोडायची होती, आणि ती नुसती काँप्युटरवर खोडून माझं समाधान होईना. कागद छापून घेतला, एकेका शून्यावर आडवी रेघ मारली, बाजूला 'पाहिले नाही' लिहिलं आणि खाली सही केली. सही करण्याआधी पेन टेकवून मी क्षणभर थांबले, तुम्ही थांबायचात तशी. मग दुसरं काही काम सुचेना, म्हणून हे लिहायला बसले. माझं मराठी तुम्हाला ठाऊकच आहे. मध्ये मध्ये कन्नड येणार, सांभाळून घ्या.

तुम्ही होतात तेव्हा मी तळ्यांवरचे पक्षी मोजायचे. आता समुद्रावरचे मोजते. राहते मात्र मैसूरलाच, त्यामुळे नवीन भेटलेला प्रत्येक माणूस विचारतो, मैसूरात समुद्र कुठे सापडला तुम्हाला? आधी मी रागवायचे, आता सांगते की कारंजी तळ्याच्या मागे आहे, नीट बघा. खरं काम असं आहे, की तमिळनाडूच्या खालच्या टोकाला किनाऱ्यापासून दूर, भर पाण्यात पवनचक्क्या उभ्या करायच्या आहेत. त्या हव्यातच, वीज कुठून तरी यायला पाहिजे आणि कोळशाच्या धुराचं मला काही कौतुक नाही. पण त्या पाण्यात कुठले पक्षी कधी येतात, किती उंचीवरून उडतात, कुठे बसतात, हे आधी कुणीतरी बघून सांगावं लागतं, म्हणजे फिरणारी पाती त्यांच्या वाटेत येणार नाहीत. ते कुणीतरी म्हणजे मी. बोटीत उभं राहायचं, दुर्बीण लावायची, दर दहा मिनिटांनी कागदावर आकडा लिहायचा. मैसूरला परत येऊन त्या आकड्यांचा नकाशा करायचा. आणि तुमच्या मुलीला, अप्पा, बोट लागते. पहिल्या दिवसापासून लागते, अजून लागते.

बेट्टदपुरातलं आपलं क्वार्टर आठवतंय ना? मागच्या अंगणात तारेच्या कुंपणात तुमचा मळेमापक होता. पर्जन्यमापक हा शब्द मी पुष्कळ नंतर वाचला. कचेरीतले बाकीचे कारकून त्या कामाला हसायचे. पाऊस पडला की सगळ्या गावाला दिसतो, त्यात मापायचं काय, म्हणायचे. तुम्ही रोज सकाळी साडेआठला, सुट्टी असो की सण, आंघोळ करून, शर्ट खोचून तिथे हजर. बाटलीतलं पाणी काचेच्या नळकांड्यात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेला आणायचा, आकडा एकदा पुटपुटायचा आणि वहीत लिहायचा. आई पोह्यांची ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, अहो, अवलक्की गार होतेय, ढग कुठे पळून जातात का? तुम्ही ऐकायचाच नाहीत. उन्हाळ्यात महिना महिना थेंब पडायचा नाही, तरी रोज जाऊन कोरडी बाटली उघडून बघायचात आणि मग शून्य लिहायचात. मला तो तेव्हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. अंगणात धूळ उडतेय, आत काय असणार? पण तुम्ही न बघता लिहिलेलं एकही शून्य त्या वहीत नव्हतं. एक सोडून, आणि ते माझं.

मी सातवीत होते. तुम्हाला ताप होता, तीन दिवस तुम्ही उठला नव्हतात, आणि माप घ्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. दोन दिवस मी अगदी ऐटीत घेतलं. तिसऱ्या दिवशी आमच्या शाळेची सहल बैलकुप्प्याला, तिबेटी लोकांचे मठ बघायला निघाली होती, आणि बस आठला सुटणार होती. अंगणात बघितलं, वरची माती सुकलेली. मी वही उघडली, त्या दिवसापुढे ऐटबाज शून्य काढलं आणि पळाले. मठातल्या त्या सोन्याच्या उंच मूर्ती, गरम मोमो, बसमधली गाणी, सगळं मनसोक्त केलं. संध्याकाळी घरी आले तर तुम्ही पलंगावर उठून बसलेले. विचारलंत, आज किती? म्हटलं, शून्य. तुम्ही म्हणालात, पहाटे पत्र्यावर वाजलं होतं ग.

ओरडा बसेल म्हणून मी दाराला चिकटून उभी होते. तुम्ही ओरडला नाहीत. कांबळं गुंडाळून, भिंतीला धरत धरत अंगणात गेलात. बाटली उघडली. पाणी होतं. नळकांड्यात ओतून मला दाखवलंत, आणि मी सुटकेनं म्हटलं, मग आता लिहा की हा आकडा, झालं! तुम्ही म्हणालात, हे सकाळच्या आधीचं किती आणि नंतर काही शिंतोडे आले असतील ते किती, तुला माहीत आहे? मला नाही. आणि ते सगळं पाणी, एक थेंब न सांडता, परत बाटलीत ओतलंत, कारण दुसऱ्या दिवशीच्या मापात ते यायला हवं होतं. आत येऊन माझ्या शून्यावर लाल रेघ मारलीत, बाजूला 'नोडिल्ल' लिहिलंत, म्हणजे पाहिलं नाही, आणि स्वतःची सही केलीत. मला एवढंच म्हणालात, नोडिल्ल अंद्रे नोडिल्ल अंतले बरी. पाहिलं नाही तर पाहिलं नाही असंच लिही. शून्य लिहायला आधी बघावं लागतं.

त्या सालच्या उन्हाळ्यात तुम्ही मला बैलकुप्प्याच्या बाजारातून जुनी दुर्बीण आणून दिलीत. स्वेटरच्या दुकानात कोपऱ्यात पडली होती म्हणे. उजव्या भिंगात बुरशी. मी तोंड वाकडं केलं तर म्हणालात, एक डोळा बरा आहे की, अजून काय पाहिजे? त्या एका डोळ्यावर मी अख्खं पक्षीशास्त्र शिकले.

आता माझी बारा शून्यं. दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, आम्ही एका चौकोनातून बोट नेत होतो. नकाशावर समुद्राचे असे चौकोन पाडलेले असतात. समुद्र इतका खवळला, की मी नऊ वाजता आडवी झाले ती अकराला उठले, आणि माझ्याबरोबरचे सहकारी माझ्याआधीच आडवे झाले होते. वहीत त्या दोन तासांपुढे मी एकच शब्द लिहिला होता: उलटी. बंदरावर परतल्यावर दुपारी लॉजवर बसून आकडे काँप्युटरमध्ये भरायला घेतले. तो तक्ता रिकामा रकाना घेईना. लाल होऊन अडून बसायचा. मला चक्कर येत होती, भूक होती, आणि मी बारा ठिकाणी शून्य दाबून मोकळी झाले. मनात म्हटलं, एवढ्या वाऱ्यात कुठला पक्षी असणार? मातीकडे बघून पळाले होते तशीच. त्या शून्यांमुळे नकाशावर तो चौकोन पांढरा आला, पक्षी नसलेला. कंपनीनं पवनचक्क्यांची पहिली रांग तिथेच आखली.

यंदा त्याच चौकोनातून गेलो तेव्हा समुद्र शांत होता. आणि अप्पा, काय सांगू तुम्हाला! वाहत आलेल्या ओंडक्यांवर, नारळाच्या झावळ्यांवर, फुटक्या डब्यांवर, जिथे पाय टेकेल तिथे सुरय बसलेले. करड्या पाठीचे, पांढऱ्या कपाळाचे, शेपटीला खाच असलेले छोटे समुद्रपक्षी. एका ओंडक्यावर सात जण दाटीवाटीनं, आठव्याला जागाच देत नव्हते. मोजणीयंत्राचं बटण दाबून दाबून माझा अंगठा दुखायला लागला. आणि मी, जी बोटीवर कायम लिंबू हुंगत बसलेली असते, ती मोठमोठ्यानं हसत होते. मग आठवलं, हा तर पांढरा चौकोन. मैसूरला येऊन जुनी वही काढली, आणि 'उलटी' हा शब्द वाचून त्या दिवसाचा तक्ता उघडला.

आमच्या साहेबांना सांगितलं. भला माणूस. म्हणाले, बिट्बिडी मॅडम, सोडून द्या, नवीन आकडे मिळवा, सरासरीत बसेल सगळं. बसलं असतंही. पण त्या बारा शून्यांनी सरासरी कदाचित थोडी खाली ओढली असती, आणि रांग तिथेच राहिली असती. मला त्या रात्री झोप लागली नाही असं लिहिणार होते, पण खोटं आहे, मी गाढ झोपले. सकाळी उठून तुमची फाईल काढली. तुम्ही गेल्यावर तुमच्या ट्रंकेत सापडलेली. त्यात एक मेमो आहे, मैसूरच्या कचेरीनं पाठवलेला: अमुक दिवशी वाचन का झालं नाही, खुलासा करावा. आणि तुमच्या उत्तराची कार्बन कॉपी. 'मी आजारी होतो. वाचन झाले नाही. चूक माझी आहे.' मुलीला सांगितलं होतं, असा शब्द नाही. तुमच्या सगळ्या नोकरीतला तो एकच मेमो, आणि मला तुम्ही कधी कळूही दिलं नाहीत. अशा माणसाची मी मुलगी आहे, याचा मला किती अभिमान वाटतो हे समोर कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

गेल्या आठवड्याच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सांगितलं, ते दोन तास मी समुद्राकडे बघितलेलंच नाही. कंपनीच्या माणसानं शांतपणे विचारलं, मग तुमच्या बाकीच्या शून्यांचं काय, मॅडम? प्रश्न बरोबर होता. तुम्हीसुद्धा हाच विचारला असतात. आता माझ्या सगळ्या वह्या दुसरी एक बाई तपासतेय, आणि अहवालावर पहिलं नाव माझं राहणार नाही. साहेब अजून नीट बोलत नाहीत. पण तो चौकोन पूर्ण वर्षभर पुन्हा बघेपर्यंत तिथे एकही खांब रोवायचा नाही, असं ठरलं. सुरयांना यातलं काही माहीत नाही. ते ओंडक्यावर भांडत असतील.

हे कागद टाकायला पत्ता नाही. तुमच्या फाईलमध्ये, त्या कार्बन कॉपीखाली ठेवून देते. पण एक सांगायचं राहिलं. तुम्ही गेलात त्या संध्याकाळी मी आंघोळीला म्हणून हॉस्पिटलमधून घरी आले होते. आंघोळ करून लगेच निघायचं, तर एका मेलला उत्तर लिहीत बसले, आणि मग हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीत कंपन्या सुटल्या, त्यांच्या बसगाड्यांच्या मागे स्कूटर अडकली. पोचले तेव्हा नर्स चादर सारखी करत होती. तेव्हापासून इतकी वर्षं, जो विचारेल त्याला मी सांगते, अप्पा अगदी शांतपणे गेले, काही त्रास झाला नाही. आईलाही तेच सांगितलं. मी पाहिलं नाही, अप्पा.